देवयानीपर्यंतचं अंतर आणि आठवीतल्या मुलीचा प्रश्न

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवीतली मुलगी तारांगणातला कार्यक्रम पाहून आली आणि तेव्हापासून एकच धरून बसली आहे: विश्व एवढं अफाट असेल तर आपण असलो काय आणि नसलो काय! वडिलांना दोन गोष्टी हव्या आहेत. हे कोटी-अब्जांचे आकडे खरे कशावरून? आणि पोरीला सांगायचं काय?

मी पोटापाण्यासाठी भौतिकशास्त्र शिकवलं आणि हौसेपोटी आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतले. पुढे पुढे ही हौस नोकरीपेक्षा जास्त वेळ खाऊ लागली. दुर्बिणीपाशी रात्र रात्र उभं राहिलं की माणसांचाही अंदाज येतो. "या दीर्घिकेत लाखभर कोटी तारे आहेत" असं सांगितलं की लोक "बापरे" म्हणतात आणि पुढच्या मिनिटाला चहा कुठे मिळेल ते विचारतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. हजार कोटी आणि लाख कोटी यांतला फरक कुणाच्याच मनाला जाणवत नाही, माझ्याही नाही. पण तोच आकडा कुणी काढला, कशावरून काढला, त्यात किती घोळ झाले हे सांगायला लागलं की चहा बाजूला राहतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे. दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

आधी मनाला झेपेल अशा मापात सुरुवात करू. सूर्याच्या जागी चार सेंटिमीटरचं एक लिंबू ठेवा. पृथ्वी त्याच्यापासून सव्वाचार मीटरवर, बारीक रव्याच्या कणाएवढी. नेपच्यून १३० मीटरवर. १९७७ साली निघालेलं आणि तेव्हापासून न थांबता पळणारं व्हॉयेजर-१ हे यान या मापात अजून पाऊण किलोमीटरच्या आतबाहेर आहे. आता सूर्यासारखा सगळ्यांत जवळचा तारा, नरतुरंग तारकासमूहातला 'मित्र', कुठे ठेवायचा? पहिलं लिंबू पुण्यात असेल तर दुसरं दिल्लीत. मधल्या सगळ्या मुलखात एखाददुसरा क्षुल्लक तारा सोडला तर काही नाही. हे मी शाळेच्या मैदानावर करून दाखवतो तेव्हा मुलं नेपच्यूनपर्यंत उत्साहाने धावतात आणि दिल्लीचं नाव काढलं की हसतात. मोठी माणसं हसत नाहीत.

या 'मित्रा'शी भारताचा एक धागा आहे. डिसेंबर १६८९ मध्ये फादर रिशो नावाचा एक जेझुइट पाद्री पाँडिचेरीहून धूमकेतू बघत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हा एक तारा नसून दोन आहेत. महाराष्ट्रातून मे-जूनच्या रात्री दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश वर तो दिसतो. कोकणात एखाद्या सड्यावर उभं राहिलात आणि पावसाचे ढग अजून चढले नसतील तर सहज सापडेल.

आता मोजणी. हाताचा अंगठा समोर धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. हात जेवढा लांब, तेवढं सरकणं कमी. दोन डोळ्यांमधलं अंतर आणि सरकण्याचा कोन माहीत असेल तर अंगठा किती लांब आहे ते न मोजता काढता येतं. याला पराशय म्हणतात. ताऱ्यांसाठी दोन डोळे म्हणजे जानेवारीतली पृथ्वी आणि जुलैतली पृथ्वी. दोन्हींमध्ये सुमारे ३० कोटी किलोमीटर अंतर पडतं. एवढा ऐसपैस पाया असूनही सोळाव्या शतकात टायको ब्राहेला एकही तारा सरकताना दिसला नाही. टायको साधा माणूस नव्हता. दुर्बिणीआधीच्या काळातला तो सर्वांत काटेकोर निरीक्षक. त्याने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला: पृथ्वी फिरत नसावी. कारण ती फिरत असूनही तारे हलत नसतील तर ते कल्पनेपलीकडे लांब असले पाहिजेत, आणि शनी व तारे यांच्यात एवढी रिकामी जागा असणं त्याला पटेना. म्हणजे पृथ्वी स्थिर मानणं त्याला विश्व एवढं मोठं मानण्यापेक्षा सोपं वाटलं. तुमच्या मुलीला जो धसका बसलाय तोच त्यालाही बसला होता, एवढं तिला जरूर सांगा.

तारा सरकतो हे ठामपणे दाखवायला १८३८ साल उजाडावं लागलं. जर्मन खगोलवेत्ता बेसेल याने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या एका फिकट ताऱ्याचा पराशय मोजला. तो भरला विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला होते, म्हणजे हा अंशाचा दहा हजारावा भागसुद्धा नाही. त्यावरून अंतर निघालं सुमारे १० प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). आजच्या मोजणीनुसार ते ११.४ आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या उपकरणाने, डोळा लावून केलेलं हे काम! मला बेसेलचा हा आकडा विश्वाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त अचाट वाटतो. तीच पद्धत पुढे युरोपच्या गाया उपग्रहाने २०२५च्या सुरुवातीपर्यंत वापरली आणि जवळपास १८० कोटी ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या.

पण पराशयाला मर्यादा आहे. खूप लांबचा तारा इतका कमी सरकतो की ते सरकणं मोजताच येत नाही. मग देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे हे कळलं कसं? ही गोष्ट मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळं मर्म तिच्यात आहे.

पहिल्यांदा ती पाहायची कुठे ते सांगतो. नोव्हेंबरमध्ये रात्री आठ-नऊच्या सुमारास महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातून देवयानी तारकासमूहातल्या ताऱ्यांची ओळ निघते. ओळीतला दुसरा ठळक, तांबूस तारा म्हणजे मिराक. तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने वळा. एक मंद तारा लागेल, तेवढंच अंतर पुढे आणखी एक मंद तारा, आणि त्याच्या शेजारी कापूस पिंजून चिकटवल्यासारखा एक अस्पष्ट डाग. सरळ बघितलंत तर नाहीसा होतो, नजर किंचित बाजूला ठेवलीत की उमटतो. कारण डोळ्याच्या पडद्याच्या मध्यापेक्षा कडेचा भाग अंधुक उजेड जास्त चांगला टिपतो. पुण्या-मुंबईतून तो दिसत नाही. वांगणीला पूर्वी छान दिसायचा, आता तिथेही उजेड वाढलाय. भंडारदऱ्याच्या बाजूला किंवा वेल्ह्याच्या आत गेलात तर अमावास्येच्या आसपास नक्की दिसेल. हा डाग ९६४ साली अल-सूफी या पर्शियन खगोलवेत्त्याने 'लहानसा ढग' म्हणून नोंदवला आहे. हा ढग नेमका किती लांब, हे कळायला त्यानंतर साडेनऊशे वर्षं गेली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रश्न असा होता की हे असले डाग आपल्या आकाशगंगेच्या आतले वायूचे ढग आहेत की बाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका. एप्रिल १९२०मध्ये वॉशिंग्टनला यावर दोन खगोलवेत्त्यांचा जाहीर वाद झाला. हार्लो शॅप्ली म्हणाला, आकाशगंगा सुमारे तीन लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि हेच सगळं विश्व. हेबर कर्टिस म्हणाला, आकाशगंगा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी आहे आणि हे डाग बाहेरचे आहेत. गंमत अशी की दोघंही अर्धे बरोबर निघाले. शॅप्लीने आकाशगंगा फुगवली होती, पण सूर्य तिच्या मध्यावर नाही, मध्य धनु राशीच्या दिशेला कुठेतरी लांब आहे, हे त्यानेच दाखवलं होतं. आज आपण सूर्याला केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर धरतो. कर्टिसला सूर्य मध्यावरच हवा होता, पण डागांबाबत तो बरोबर होता. (हे केंद्र पाहायला सर्वांत सोयीचे महिने म्हणजे जुलै-ऑगस्ट. आपल्याकडे नेमके तेव्हाच ढग. आकाशदर्शन करणाऱ्या मराठी माणसाचं हे कायमचं दुखणं आहे.)

हा वाद मिटवणारी मोजपट्टी आधीच तयार होऊन पडली होती. ती केली हेन्रिएटा लेव्हिट यांनी. हार्वर्ड वेधशाळेत बायकांना दुर्बिणीवर काम करू देत नसत. त्यांनी काचेच्या फोटोप्लेटांवरचे तारे मोजायचे, तेही तासावर मजुरी घेऊन. लेव्हिटना ऐकू येणंही कमी झालं होतं. पेरू देशातल्या ठाण्यावरून आलेल्या प्लेटांवर त्यांनी मॅजेलनी मेघ या दक्षिण आकाशातल्या दोन लहान दीर्घिकांमधले तब्बल १,७७७ रूपविकारी तारे, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे, हुडकून काढले आणि १९०८मध्ये त्यांची यादी दिली. त्यांतले लघुमेघातले २५ निवडून त्यांनी १९१२मध्ये एक आलेख काढला: आडव्या अक्षावर तेजाच्या एका फेरीला लागणारे दिवस (दर दहापटीला सारखीच जागा देणाऱ्या मापात), उभ्या अक्षावर तेज. ठिपके सरळ रेषेत आले. फेरी जितकी लांब तितका तारा जास्त तेजस्वी.

हे इतकं मोलाचं का, ते नीट पाहा. एरवी एखादा तारा फिका दिसतो तेव्हा तो मुळात फिका आहे की लांब आहे म्हणून फिका दिसतोय, हे कळायला मार्ग नसतो. पण लघुमेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे त्यांच्या दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक. आता अशा प्रकारचा तारा कुठेही सापडला तर त्याचे फेरीचे दिवस मोजायचे, त्यावरून त्याचं खरं तेज काढायचं, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघायचं. चौपट फिका दिसत असेल तर दुप्पट लांब, नऊपट फिका तर तिप्पट लांब. या ताऱ्यांच्या आतल्या एका थरात हेलियम आहे. तो तापला की उष्णता अडवून धरतो, तारा फुगतो. फुगल्यावर थर निवतो, उष्णता निसटते आणि तारा पुन्हा आक्रसतो. मोठ्या ताऱ्याला या फुगण्या-आक्रसण्याला जास्त दिवस लागतात. १९१२चं ते पत्रक संचालक पिकरिंग यांच्या सहीने निघालं. निवेदन मिस लेव्हिट यांनी तयार केलं आहे, एवढा उल्लेख सुरुवातीला आहे. १९२१मध्ये त्या गेल्या. चार वर्षांनी स्वीडनमधल्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवायचं म्हणून चौकशी केली, तेव्हा त्याला कळलं की त्या हयात नाहीत.

ऑक्टोबर १९२३. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण, जगातली तेव्हाची सर्वांत मोठी. एडविन हबलने देवयानीच्या डागाचा फोटो घेतला. प्लेटवर त्याला तीन नवे ठिपके दिसले. ते नवतारे, म्हणजे अचानक उजळून पुन्हा मावळणारे तारे, असावेत म्हणून त्याने प्रत्येकाशेजारी शाईने इंग्रजी 'नोव्हा'चा 'एन' लिहिला. मग जुन्या प्लेटा काढून ताडून पाहिल्या तर त्यांतला एक ठिपका पूर्वीही होता, कधी ठळक तर कधी फिका. हबलने तिथला 'एन' खोडला आणि 'व्हीएआर' (व्हेरिएबल, म्हणजे रूपविकारी) अशी तीन अक्षरं लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं. ही प्लेट आजही जपून ठेवलेली आहे आणि तिच्यावरचं ते खोडलेलं अक्षर स्पष्ट दिसतं. फेरी भरली ३१.४ दिवसांची. लेव्हिट यांच्या रेषेवर ठेवून अंतर आलं नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. शॅप्लीच्या फुगवलेल्या आकाशगंगेच्याही ते कितीतरी बाहेर. १ जानेवारी १९२५ रोजी हबलचा निबंध वॉशिंग्टनच्या सभेत वाचला गेला. हबल स्वतः तिथे गेलाही नव्हता.

तुमच्या लक्षात आलं असेल की हबलचे नऊ लाख आणि मी सांगितलेले २५ लाख जुळत नाहीत. हबलने मोजणी ढिसाळ केली नव्हती. मोजपट्टीतच खोट होती. हे तारे दोन जातींचे असतात आणि सारख्याच फेरीला त्यांचं खरं तेज वेगवेगळं असतं, हे वॉल्टर बाडेने नंतर दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये दिवे बंद ठेवत, त्या अंधाराचा फायदा त्याला मिळाला. १९५२मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि आकाशगंगेबाहेरची सगळी अंतरं एका दिवसात दुपटीने वाढली. यातून आणखी एक नाचक्की टळली. हबलने विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते काढलं होतं, त्यावरून विश्वाचं वय निघत होतं जेमतेम २०० कोटी वर्षं, आणि खडकांचं वय काढणारे भूवैज्ञानिक तर पृथ्वीच त्याहून जुनी सांगत होते! आई लेकीपेक्षा लहान. बाडेच्या दुरुस्तीने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी ते वय आज १,३८० कोटी वर्षांवर आलं आहे.

आणि भांडण अजूनही संपलेलं नाही. प्रसरणाचा वेग लेव्हिटच्या ताऱ्यांवरून काढला तर ७३च्या आसपास येतो, विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून काढला तर ६७च्या. (एकक राहू द्या, मुद्दा फरकाचा आहे.) दोन्हीकडचे लोक आपापल्या मोजणीत चूक शोधून थकले. म्हणून "आकडे खरे कशावरून" याचं माझं उत्तर असं: ते खरे आहेत ते त्यांच्यावर सतत संशय घेतला जातो म्हणून. जो आकडा शंभर वर्षांत एकदाही बदललेला नाही असं कुणी सांगितलं, तर मी त्याच्याकडे जरा जपूनच बघेन.

अंतरं मोजायच्या या पायरी-पायरीच्या शिडीवरून पुढे किती लांब जाता येतं ते झरझर सांगतो. डिसेंबर १९९५मध्ये हबलच्याच नावाची अवकाश दुर्बीण सप्तर्षींजवळच्या एका अगदी रिकाम्या तुकड्याकडे दहा दिवस रोखून ठेवली. महागड्या दुर्बिणीचा वेळ रिकाम्या जागेवर घालवू नका, असं बऱ्याच जाणकारांनी संचालकांना सांगितलं होतं. ३४२ फोटो एकत्र केल्यावर त्या तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. दृश्य विश्वात एकूण किती, याचे अंदाज वीस हजार कोटींपासून दोन लाख कोटींपर्यंत आहेत. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी, आयुका आणि आयसर या दोन संस्थांनी, २०१७मध्ये मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक महासमूह जाहीर केला. त्याचं नाव त्यांनी सरस्वती ठेवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० कोटी प्रकाशवर्षं.

आणि टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावापासून जवळच, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. २०२३च्या जानेवारीत तिथल्या निरीक्षणांतून एका दीर्घिकेतल्या साध्या हायड्रोजनचा रेडिओ संकेत मिळाल्याचं जाहीर झालं. तो निघाला तेव्हा त्याची तरंगलांबी २१ सेंटिमीटर होती, खोडदला पोचेपर्यंत विश्व ताणलं गेल्यामुळे ती ४८ सेंटिमीटर झाली होती. प्रवास ८८० कोटी वर्षांचा. तो निघाला तेव्हा पृथ्वीच काय, सूर्यही नव्हता. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाने तो ठळक केला नसता तर हाती लागलाही नसता. मुलीला घेऊन एकदा त्या बाजूला जा. शेतांमधून दिसणाऱ्या त्या तबकड्या बघितल्या की हे सगळं परदेशातच चालतं हा समज तरी जातो.

आता सीमेची गोष्ट. कार्यक्रमात बहुतेक सांगितलं असेल की दृश्य विश्वाची त्रिज्या ४,६०० कोटी प्रकाशवर्षं आहे. वय १,३८० कोटी आणि त्रिज्या ४,६०० कोटी कशी, हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. प्रकाश वाटेवर असताना मागची जागा पसरत राहिली, म्हणून. पण यातला महत्त्वाचा शब्द 'दृश्य' हा आहे. ही विश्वाची कड नाही, आपल्याला मिळालेल्या प्रकाशाची कड आहे. देवयानीत कुणी असेल तर त्याची कड थोडी वेगळी असेल. तिच्या पलीकडे किती आहे, संपतं की संपतच नाही, ते मोजायला आपल्याकडे साधन नाही.

इथे मला नेहमी भास्कराचार्य आठवतात. त्यांच्या काळी ब्रह्मांडाच्या परिघाचा योजनांमधला एक प्रचंड आकडा पूर्वसूरींकडून चालत आलेला होता. ११५०मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ते म्हणतात त्याचा भावार्थ असा: ब्रह्मांड एवढं असो वा नसो; एका कल्पात ग्रह जितकी योजनं चालतो, तेवढं हे माप, असं आमचं मत. म्हणजे हिशेब माझा आहे, तो मी मांडतो; त्याला ब्रह्मांडाची भिंत म्हणायचं की नाही, त्यात मी पडत नाही. आजच्या एखाद्या खगोलवेत्त्यालाही याहून नेमकं बोलता येणार नाही. "आपल्या पूर्वजांना विश्वाचं वय आधीच माहीत होतं" असे निरोप फोनवर फिरतात, ते पाठवणाऱ्यांनी हा श्लोक वाचायला हवा. ४३२ कोटी वर्षांचा कल्प हा ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात बसाव्यात म्हणून धरलेला कालखंड आहे. त्याला आजच्या वयाच्या मोजणीशी जुळवायला जाणं म्हणजे दोघांवरही अन्याय. भास्कराचार्यांचं हे वाक्य मात्र कुठल्याही जुळवाजुळवीशिवाय उभं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथे त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे, १२०७ सालचा. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून दिलेल्या देणगीची त्यात नोंद आहे.

तर आता पोरीचा प्रश्न. आपण असलो काय, नसलो काय?

पहिली गोष्ट, तिला लगेच दिलासा देऊ नका. "आपल्या रक्तातलं लोह ताऱ्यांत तयार झालंय, म्हणजे आपणच तारे" असलं बोलायचा मोह होतो. लोहाचं खरं आहे, पण तेवढ्याने चपलेतला खिळाही तारा ठरतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना असं समजूत घालणं बरोबर ओळखू येतं. त्यापेक्षा तिला उलट विचारा: विश्व समजा सोलापूर जिल्ह्याएवढंच असतं, पलीकडे काहीच नसतं, तर तुझं असणं जास्त मोलाचं ठरलं असतं का? एवढ्या छोट्या विश्वात तू गणितात नापास झालीस तर ते जास्त गंभीर झालं असतं का? ती थोडा विचार करेल आणि नाही म्हणेल. मग विश्व मोठं केल्याने मोल कमी कसं होईल? लांबी-रुंदीवरून मोल काढायचा हिशेब खगोलशास्त्रात कुठेच नाही. तो आपणच बाहेरून आणतो.

माझं स्वतःचं विचाराल तर मला विश्वाच्या आकाराने फारसं दडपण येत नाही. येतं ते एका वेगळ्याच गोष्टीने. विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने चाललं आहे. ते असंच चालू राहिलं तर आजपासून दहा हजार कोटी वर्षांच्या घरात आपल्या शेजारच्या गुरुत्वाने बांधलेल्या दीर्घिका सोडून बाकी सगळ्या नजरेआड गेलेल्या असतील. शेजारच्याही तोवर एकमेकींत मिसळून एक झालेल्या असतील. त्या काळी कुणी खगोलवेत्ता असेल, उत्तम दुर्बिणी असतील, त्याची मोजणी बिनचूक असेल, तर तो काय निष्कर्ष काढेल? की विश्व म्हणजे आपली एक दीर्घिका आणि भोवती काळोख. थेट शॅप्लीचं विश्व! त्याच्याकडून चूक एकही झालेली नसेल. पुरावाच क्षितिजाबाहेर गेलेला असेल. मग आपल्याही बाबतीत असं काही आधीच निसटून गेलं असेल का? यावर मी बऱ्याचदा विचार करतो आणि उत्तर अर्थातच मिळत नाही. हे तुमच्या मुलीला सांगा. आठवीत आहे म्हणजे झेपेल.

दुसरी गोष्ट, तिच्या हातात मोजणी द्या. दुर्बीण विकत घेऊ नका, निदान आत्ता नको. लेव्हिट यांनी मोजले त्याच जातीचा एक तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. उत्तरेला शर्मिष्ठेच्या शेजारी वृषपर्वा तारकासमूह आहे. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे: डेल्टा, झीटा आणि एप्सिलॉन. यांतला डेल्टा हाच तो. या साऱ्या जातीला इंग्रजीत याच्यावरूनच नाव पडलंय. त्याचं तेज बदलतं हे १७८४मध्ये जॉन गुडरिक या बहिऱ्या मुलाने ओळखलं. एकविसाव्या वर्षी तो वारलासुद्धा. तारा आपल्यापासून ९०० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी तो उत्तरेला चांगला वर असतो. झीटाची प्रत ३.४ आणि एप्सिलॉनची ४.२ (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा फिका), दोन्ही जवळजवळ स्थिर. रोज रात्री एवढंच पाहायचं की डेल्टा झीटाएवढा तेजस्वी आहे, एप्सिलॉनएवढा फिका आहे की मधे कुठे. मधे असेल तर कुणाच्या किती जवळ, ते अंदाजाने लिहायचं. आधी बाकीच्यांनी काय लिहिलंय ते बघायचं नाही, कालचा स्वतःचा आकडाही झाकून ठेवायचा, नाहीतर डोळा तोच पाहतो जे मनात असतं. तो वर चढतो झपाट्याने, दीड दिवसात, आणि उतरतो सावकाश, जवळजवळ चार दिवस. एका महिन्याच्या नोंदी आलेखावर मांडल्या की फेरी दिसू लागते. उत्तर ५ दिवस ९ तासांच्या आसपास यायला हवं. अर्धा दिवस इकडेतिकडे झालं तरी उत्तम समजा.

ठाण्या-पुण्यातल्या गच्चीवरून एप्सिलॉन दिसणं कठीण जाईल. तसं असेल तर साधी द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांना लावायची छोटी दुर्बीण, पुरते. चंद्र मोठा असताना नोंदी घेतल्यात तर तसं शेरा म्हणून लिहा. आणि तारखेबरोबर वेळही लिहायला सांगा, चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे. रात्री बारानंतर तारीख बदलते, आणि पहिल्या वहीत यावरून सगळेच घोळ घालतात.